७० तास की ४० तास: वैमानिकांच्या पगारवादाची पार्श्वभूमी

वैमानिकांनी पगारावरून आवाज उठवला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: लाखांत कमावतात, आणखी किती हवं? भारतातल्या गेल्या काही वर्षांतल्या वादांत मात्र खरी जुंपली ती 'तास' या एका शब्दावरून.

मूळ वेतनाशिवाय वैमानिकाला उड्डाणाच्या तासांवर भत्ता मिळतो. हा तास घड्याळातला नव्हे. विमान आपल्या जागेवरून हललं की तो सुरू होतो, मुक्कामी जागेवर थांबलं की संपतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. पहाटेच्या धुक्यात विमान तीन तास अडकून पडलं, वैमानिक पट्टा बांधून कॉकपिटमध्ये बसून राहिला, तरी पुशबॅक होईपर्यंत, म्हणजे विमान जागेवरून मागे ढकललं जाईपर्यंत, ब्लॉक टाइम शून्य. ड्यूटीचे तास भरत जातात, भत्त्याचे नाही. शिवाय महिन्याला किती उड्डाणं वाट्याला येणार, हे ठरवणारं रोस्टर कंपनी बनवते. यावर उतारा म्हणून हमीचे तास आले: प्रत्यक्षात कमी उडालात तरी अमुक तासांचा भत्ता मिळणारच. कायद्याने वर्षाला जास्तीत जास्त १,००० तास उडता येतं, म्हणजे महिन्याला सरासरी ८३. त्यातले ७० हमीचे असले तर घराचा हप्ता निर्धास्त भरता येतो. ४० असले तर उरलेली कमाई रोस्टर बनवणाऱ्याच्या मर्जीवर.

१९५३च्या राष्ट्रीयीकरणानंतर सुमारे चार दशकं मालक सरकारच होतं. नव्वदीत खासगी कंपन्या आल्या आणि वैमानिकाला नोकरी बदलायची सोय झाली. आजच्या अविश्वासाची सुरुवात मात्र २००७ची. त्या वर्षी एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या एक झाल्या, पण दोन्हीकडच्या वैमानिकांच्या पगाराच्या रचना वेगळ्याच राहिल्या. एप्रिल २०११मध्ये देशांतर्गत बाजूचे, म्हणजे पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे, वैमानिक समान वेतन मागत सुमारे दहा दिवस संपावर गेले. तासांवर हेलकावणाऱ्या पगाराऐवजी ठरलेला पगार द्या, हीही त्यांची मागणी होती. संघटनेची मान्यता गेली, बडतर्फ्या झाल्या, न्यायालयाच्या अवमानाचं प्रकरण उभं राहिलं, आणि संप मिटल्यावर बडतर्फ परत कामावर आले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या बाजूचे, म्हणजे मूळच्या एअर इंडियाचे, वैमानिक तब्बल ५८ दिवस बाहेर राहिले. नव्या ड्रीमलायनर विमानाचं प्रशिक्षण कोणाला, हा वाद. वरवर पगाराशी संबंध नाही, पण कोणतं विमान उडवता यावर बढती आणि कमाई ठरते, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं.

खासगीतही फार वेगळं नव्हतं. २००९मध्ये जेट एअरवेजने संघटना बांधणाऱ्या दोघांना काढलं म्हणून शेकडो वैमानिक एकदम 'आजारी' पडले. हीच कंपनी एप्रिल २०१९मध्ये बंद पडली, तीही महिनोन्‌महिने पगार थकवून. इतरांनी त्यातून काय धडा घेतला असेल, वेगळं सांगायला नको.

करोनात सरकारी एअर इंडियातले हमीचे तास ७० वरून २० वर आले. तेव्हा विमानंच उभी होती, त्यामुळे कुरकुर झाली तरी कारण समोर दिसत होतं. कंपनी टाटा समूहाच्या हातात गेल्यावर एप्रिल २०२३मध्ये नवी रचना आली: हमी ४० तासांची. व्यवस्थापनाच्या हिशेबाने २० चे ४० झाले, म्हणजे दुप्पट वाढ. वैमानिकांच्या हिशेबाने ७० चे ४० झाले. दोघांचंही गणित बरोबर; सुरुवात कुठून मोजायची, एवढाच प्रश्न. विमानं पुन्हा भरून उडत असताना तळाचा आकडा धरून 'वाढ' म्हणणं जरा अतीच होतं. त्यात चार वर्षं झालेल्या कमांडरांना, म्हणजे विमानाच्या मुख्य वैमानिकांना, 'सीनिअर कमांडर' करून व्यवस्थापनाच्या श्रेणीत घेण्याचं कलम होतं. नाव बढतीचं, पण त्या श्रेणीत गेल्यावर कायद्याच्या भाषेतले 'कामगार' आपण उरणार नाही आणि संघटनाही दुबळी होईल, ही संघटनांची धास्ती. १,५०० हून जास्त वैमानिकांनी मनुष्यबळ विभागाला वगळून थेट समूहाच्या ज्येष्ठांकडे, रतन टाटांकडे, अर्ज केला.

वर्षभराने तेच ४० तास त्याच समूहातल्या विस्तारा या दुसऱ्या कंपनीत पोचले. तिथे ७० तासांचा ठरलेला पगार मिळत होता, त्यामुळे सगळ्यात मोठा फटका कनिष्ठ फर्स्ट ऑफिसरना, म्हणजे सहवैमानिकांना. संमतीसाठी ईमेल आला, मुदत घालून. ९८ टक्क्यांनी सह्या केल्या असं कंपनीने सांगितलं, आणि त्याच दिवसांत आजारपणाच्या रजांचा ढीग लागून उड्डाणं रद्द होत होती. शेवटी रोजची २५ ते ३० उड्डाणं कमी करावी लागली. रोस्टर फार ताणलं होतं, हे व्यवस्थापनानेही मान्य केलं.

पटत नसेल तर नोकरी सोडा, हा सल्ला या धंद्यात फारसा कामाचा नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७च्या नियमाने कमांडरला राजीनाम्याची एक वर्षाची नोटीस द्यावी लागते, फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची. २०२३मध्ये ४३ वैमानिक नोटिशीची मुदत पूर्ण न करता निघून गेले, तेव्हा त्यांची कंपनी अकासा एअर थेट न्यायालयात गेली. पगाराची नवी रचना लावण्याआधी कंपनीने किती महिने आधी कळवायचं, यावर त्या नियमात काही नाही.