गाळउपसा जहाजांचे मार्गसंकेत

बंदरात किंवा खाडीत गाळ उपसणारे जहाज, म्हणजे ड्रेजर, आपल्या कोणत्या बाजूने जाता येईल आणि कोणत्या बाजूला अडथळा आहे हे इतर नौकांना दाखवते. त्यासाठी ते दिवे आणि काळ्या आकृत्या लावते. धुक्यात ते भोंगाही वाजवते. टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत हे संकेत ठरवून दिले आहेत. नियमावली १५ जुलै १९७७ पासून लागू झाली. ड्रेजरचे दिवे आणि आकृत्या तिच्या २७ व्या नियमात येतात.

काम चालू असताना ड्रेजरला चटकन बाजूला होता येत नाही. कटर प्रकारचा ड्रेजर मागच्या बाजूला तळात रोवलेल्या जाड लोखंडी खांबाभोवती डावी-उजवीकडे झुलत तळ खरवडतो. त्याला झुलवणाऱ्या तारा दोन्ही अंगांना टाकलेल्या नांगरांपर्यंत गेलेल्या असतात आणि मागून गाळ वाहून नेणारी तरंगती पाइपलाइन निघते. चालता चालता गाळ शोषून पोटात भरणारा ड्रेजर तसा मोकळा दिसतो, पण त्याचा शोषनळ तळाला टेकलेला असतो आणि वेग अगदी मंद असतो. म्हणून नियमावली अशा जहाजाला ‘हालचालीवर मर्यादा असलेले जहाज’ मानते. यांत्रिक नौकांनी आणि शिडाच्या होड्यांनी त्याच्या वाटेतून दूर राहायचे असते. मासेमारी करत असलेल्या नौकांनीही शक्य तितके दूर राहावे, असे नियम सांगतो.

ही मर्यादा रात्री एकाखाली एक लावलेल्या तीन दिव्यांनी दाखवतात. वरचा आणि खालचा दिवा लाल, मधला पांढरा. तिन्ही दिवे चहूबाजूंनी दिसणारे असतात. दिवसा त्यांच्या जागी काळा गोळा, त्याखाली शंकरपाळीच्या आकाराची काळी आकृती (खलाशी तिला डायमंड म्हणतात) आणि त्याखाली पुन्हा गोळा टांगतात. गोळ्याचा व्यास किमान ०.६ मीटर आणि दोन आकृत्यांमधले अंतर किमान १.५ मीटर हवे. १९६० च्या जुन्या नियमांत हे गोळे लाल आणि मधला डायमंड पांढरा असे. आताच्या नियमांत सगळ्या आकृत्या काळ्याच आहेत. जहाज पाण्यातून पुढे सरकत असेल तर डोलकाठीवरचा, दोन्ही बाजूंचे आणि मागचा असे नेहमीचे दिवेही लागतात. त्यामुळे बाजूचा दिवा दिसला की ड्रेजर चालता आहे हे लांबून ओळखता येते.

जवळून जाणाऱ्याला सर्वांत जास्त गरज असते ती बाजू दाखवणाऱ्या खुणांची. अडथळ्याच्या बाजूला उभ्या ओळीत दोन लाल दिवे किंवा दोन गोळे, आणि जाण्यासाठी मोकळ्या असलेल्या बाजूला दोन हिरवे दिवे किंवा दोन डायमंड लावायचे. या जोड्या मधल्या तीन खुणांपासून आडव्या अंतरात जमेल तितक्या लांब हव्यात, किमान २ मीटर. जोडीतली वरची खूण मधल्या तिन्हींतल्या सर्वांत खालच्या खुणेपेक्षा उंच जाता कामा नये. हे माप क्षुल्लक वाटते, पण त्याला फार अर्थ आहे. एकाखाली एक दोन लाल दिवे म्हणजे एरवी ‘जहाज ताब्यात नाही’ अशी खूण असते. जोडी मधल्या दिव्यांना चिकटून असली तर दुरून सगळे दिवे एकमेकांत मिसळतात आणि कोणती बाजू मोकळी तेच कळत नाही.

नांगरून काम करणारा ड्रेजर या खुणा लावतो तेव्हा नांगरलेल्या जहाजाचा नेहमीचा दिवा किंवा एकटा गोळा लावत नाही. नांगराचा गोळा दिसत नाही म्हणून जहाज नांगरलेले नाही, असे धरून चालणाऱ्याची येथे फसगत होते.

भारतात बोयांच्या (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या) आंतरराष्ट्रीय पद्धतीतला ‘अ’ विभाग चालतो. बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा, ही येथल्या प्रत्येक तांडेलाची, म्हणजे होडीच्या प्रमुखाची, सवय. ड्रेजरवरच्या लाल-हिरव्याला मात्र बंदरात शिरण्या-निघण्याच्या दिशेशी काही देणेघेणे नसते. येताना असो वा जाताना, हिरव्याच्या बाजूनेच जायचे.

हिरवी बाजू म्हणजे त्या अंगाला तार किंवा पाइप आडवा नाही, एवढेच. तिथले पाणी आपल्या जहाजाला पुरेल की नाही हे ज्याचे त्याने पाहायचे असते. बंदरातले पायलट, म्हणजे जहाजांना वाट दाखवणारे जाणकार, म्हणूनच व्हीएचएफ रेडिओवर ड्रेजरशी आधी बोलून घेतात. कटर ड्रेजर त्या बाजूची तार सैल सोडून तळाशी बसू देतो आणि मगच जहाज पुढे जाते. काम सरकले, तारा या अंगाच्या त्या अंगाला गेल्या, तर खुणाही त्याच वेळी बदलायला हव्यात. कालच्या जागी राहिलेले दोन डायमंड हे काहीच खूण नसण्यापेक्षा धोक्याचे, कारण समोरचा त्यांच्यावर विसंबून येतो.

मुंबई बंदरात या संकेतांची गरज रोजची आहे. मुंबई बंदर आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर यांना समुद्राकडून येणारा मुख्य चॅनेल सामाईक आहे. मोठ्या उधाणाला येथे पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते आणि गाळ पुन्हा पुन्हा साचतो, त्यामुळे उपसा करतच राहावा लागतो. त्याच पाण्यातून भाऊच्या धक्क्यावरून मोरा-रेवसच्या लाँच जातात आणि कोळ्यांच्या होड्या ये-जा करतात. मोठ्या जहाजावर पायलट असतो, रडार असते. लहान होडीवर सगळी भिस्त डोळ्यांवर, म्हणून या खुणा तांडेल आणि खलाशांना मराठीतून, चित्रे दाखवून शिकवल्याच पाहिजेत.

धुक्यात किंवा दाट पावसात एक लांब भोंगा (४ ते ६ सेकंद) आणि लगेच दोन आखूड (प्रत्येकी सुमारे एक सेकंद) असा संकेत जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने वाजवायचा असतो. नांगरून काम करतानाही तोच लागू आहे. पण मासेमारी करणारी, शिडाची किंवा दुसऱ्याला ओढत नेणारी नौकाही हाच भोंगा वाजवते. त्यावरून समोर ड्रेजर आहे हे कळत नाही आणि मोकळी बाजू तर मुळीच कळत नाही.

याखेरीज आंतरराष्ट्रीय संकेतावलीतले ‘आर’ आणि ‘वाय’ हे ध्वज एकत्र फडकवले तर ‘माझ्या जवळून मंद वेगाने जा’ असा अर्थ होतो. पाणबुडे खाली उतरलेले असतील तर ‘ए’ ध्वज लावतात. जहाजाची ओळख आणि जागा रेडिओवरून आपोआप कळवणाऱ्या एआयएस यंत्रणेत गाळउपसा किंवा पाण्याखालील कामात गुंतलेल्या जहाजांसाठी ३३ हा प्रकार-क्रमांक आहे.

तरंगत्या पाइपलाइनवरच्या दिव्यांबद्दल आंतरराष्ट्रीय नियमावली काही सांगत नाही. अमेरिकेच्या अंतर्गत जलमार्गांच्या नियमांत मात्र ती तरतूद आहे. पाइपलाइनवर ओळीने मिनिटाला ५० ते ७० वेळा लुकलुकणारे पिवळे दिवे लावायचे आणि टोकांना दोन-दोन लाल दिवे. नौकांना वाट देण्यासाठी पाइपलाइन मध्येच सोडवली असेल, तर त्या फटीच्या दोन्ही कडांनाही असेच लाल दिवे लागतात.