पार्टोग्राफ

कळा सुरू झाल्यापासून बाळ जन्मेपर्यंत आई आणि बाळाची स्थिती एकाच कागदावर वेळेनुसार टिपण्याचा आलेख. याला पार्टोग्राम असेही म्हणतात. दिसायला हा शाळेतल्या आलेखवहीचे फाडलेले पान वाटतो. पण बाळंतपण करणारी सिस्टर आणि कित्येक मैलांवरच्या रुग्णालयातला शल्यविशारद यांना एकच भाषा देणारे याच्याइतके स्वस्त साधन प्रसूतिशास्त्रात दुसरे क्वचितच असेल.

बाळंतपण अडते म्हणजे कळा येत राहतात, पण बाळाचे डोके खाली सरकत नाही. तास वाढत जातात तसा जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, गर्भपिशवी थकून प्रसूतीनंतर रक्तस्राव होतो, कधी पिशवीच फाटते. डोक्याच्या दाबाने मूत्राशयाची भिंत मरून कायमची लघवी गळू लागते, तो फिस्टुलाही इथलाच. यातले बहुतेक काही अचानक घडत नाही. आधी कित्येक तास इशारा मिळत असतो, फक्त तो कुणाच्या तरी लक्षात यावा लागतो. गर्भाशयाचे 'दोन बोटं तोंड उघडलंय' हे सांगणे तोंडी राहिले, की कामाची पाळी बदलल्यावर येणाऱ्या सिस्टरला ते कधीचे, आणि त्यानंतर किती फरक पडला, हे कळत नाही.

गर्भाशयमुख किती वेगाने उघडते याचा आलेख अमेरिकेतील इमॅन्युएल फ्रीडमन यांनी 1954 मध्ये मांडला. मात्र त्याला कामाचे हत्यार बनवले ते आफ्रिकेत. तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, बहुतेक बाळंतपणे सुईणी करत आणि शस्त्रक्रियेची सोय मोजक्याच ठिकाणी होती. ह्यू फिलपॉट आणि कॅसल यांनी 1972 मध्ये आलेखावर दोन तिरप्या रेषा ओढल्या. पहिली इशारारेषा : सर्वांत सावकाश पुढे सरकणाऱ्या 10 टक्के पहिलटकरणींचा वेग धरून ताशी 1 सेंटिमीटर. दुसरी कृतिरेषा : पहिलीपासून 4 तास उजवीकडे. हे 4 तास ठेवण्यामागे बाईला लांबच्या केंद्रातून मोठ्या रुग्णालयात पोचवण्याचा हिशेब होता. निर्णय आधीच विचार करून घेतलेला आणि कागदावर छापलेला. ऐन मध्यरात्री सुईणीला वरिष्ठाची परवानगी मागत बसायला नको. या आलेखाची खरी करामत भूमितीपेक्षा यात आहे, असे म्हणायला हरकत नाही.

कागदाच्या वरच्या भागात बाळाच्या हृदयाचे ठोके दर अर्ध्या तासाने टिंबांनी मांडतात. त्याखाली पाणमोट शाबूत आहे की फुटली, पाणी स्वच्छ आहे की बाळाने शी केल्याने हिरवट, याची एकेका अक्षराची नोंद असते. मधोमध गर्भाशयमुख किती सेंटिमीटर उघडले त्याची फुली. आतून तपासणी साधारण दर 4 तासांनी. त्याखाली दहा मिनिटांत आलेल्या कळांइतके चौकोन भरायचे : कळ 20 सेकंदांपेक्षा कमी असेल तर ठिपके, 20 ते 40 सेकंद असेल तर तिरप्या रेघा, त्याहून जास्त असेल तर चौकोन पूर्ण काळा. अगदी तळाशी आईची नाडी, रक्तदाब, ताप आणि दिलेली औषधे.

समजा, एक पहिलटकरीण सकाळी 10 वाजता 4 सेंटिमीटरवर आली. पहिली फुली इशारारेषेवर बसते. दुपारी 2 वाजता तपासणीत 6 सेंटिमीटर भरले; रेषा त्या वेळी 8 वर असते. फुली रेषेच्या उजवीकडे, दोन रेषांच्या मधल्या पट्टीत पडली. मोठ्या रुग्णालयात याचा अर्थ 'नीट पाहा, कारण शोधा' एवढाच. पण शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या आरोग्य केंद्रात याचा अर्थ 'गाडी बोलवा' असा होतो. फुली एकच, पण ती कुठल्या खोलीत वाचली जाते त्यावर तिचा अर्थ ठरतो.

सुरक्षित मातृत्वाची जागतिक मोहीम 1987 मध्ये नैरोबीत सुरू झाली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने आपला पार्टोग्राफ तयार केला आणि इंडोनेशिया, मलेशिया व थायलंडमधील रुग्णालयांत 35,484 स्त्रियांवर त्याची चाचणी घेतली. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत 18 तासांहून लांबलेली बाळंतपणे 6.4 टक्क्यांवरून 3.4 टक्क्यांवर आली. कळा वाढवण्याचे औषध देण्याचे प्रमाण 20.7 वरून 9.1 टक्क्यांवर घसरले. 2000 मध्ये कागद सुटसुटीत झाला : सुरुवातीच्या मंद कळांचा भाग काढला आणि आलेख 4 सेंटिमीटरपासून सुरू केला.

टीकाही कमी झाली नाही. एकत्रित पुरावे तपासणाऱ्या कॉक्रन आढाव्यांना पार्टोग्राफमुळे सिझेरियन घटतात असा ठाम आधार मिळाला नाही. ताशी 1 सेंटिमीटर हा वेग अनेक निरोगी बाळंतपणांत गाठला जात नाही, हेही पुढे दिसले. म्हणजे रेषेवर डोळे मिटून विसंबले तर विनाकारण सुरी चालते. म्हणून संघटनेने 2018 च्या शिफारशींत कळांचा जोराचा टप्पा 5 सेंटिमीटरपासून धरला आणि 2020 च्या नव्या तक्त्यात दोन्ही तिरप्या रेषा वगळल्या. आता प्रत्येक सेंटिमीटरला वेगळी मुदत आहे : 5 वर 6 तास, 7 वर 3 तास, 9 वर 2 तास. सोबतीला कुणी आहे का, तोंडाने पाणी घेते का, दुखणे कमी करायला काही दिले का, याचेही रकाने आले. बाईकडे पाहायला कागदाला जवळपास पन्नास वर्षे लागली!

भारतात कुशल प्रसूतीसेवेच्या मार्गदर्शिकेतून एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) आणि सिस्टर यांच्यासाठी सोपा पार्टोग्राफ आला, आणि 2017 मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतीकक्षाची गुणवत्ता तपासताना तो भरला जातो का, हेही पाहिले जाते. महाराष्ट्रातील सरकारी प्रसूतीकक्षही या कार्यक्रमात येतात. बाईला पुढे पाठवताना हा कागद तिच्यासोबत जायला हवा. मग तिथल्या डॉक्टरला 'कळा कधीपासून?' हा प्रश्न घाबरलेल्या नातेवाइकांना विचारावा लागत नाही.

वापरातली जुनी खोट मात्र टिकून आहे : बाळंतपण उरकल्यावर आठवून आठवून भरलेला आलेख. तो ओळखता येतो. फुल्या नेमक्या इशारारेषेवर रांगेत बसलेल्या, ठोके प्रत्येक अर्ध्या तासाला 140, शाई आणि अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखे. त्याचा दोष भरणारीच्या माथी मारणे सोपे. पण तीन खाटांवर तिघी कळा देत असताना एकटी सिस्टर दर अर्ध्या तासाला तिन्ही बाळांचे ठोके मोजणार कधी आणि टिंब देणार कधी?