घरासाठी छोटा बिनतारी स्पीकर आणि इंटरनेट रेडिओ निवडताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सोलापूरच्या नवी पेठेतील आमच्या दुकानात छोटा बिनतारी स्पीकर किंवा इंटरनेट रेडिओ पाहायला येणारे बहुतेक ग्राहक आधी किंमत विचारतात, मग वॅट विचारतात आणि शेवटी रंग. यांपैकी एकाही उत्तरावरून तो संच आपल्या घरात उपयोगी पडेल की नाही हे कळत नाही. घरात नेमके काय ऐकले जाणार आहे आणि तो आवाज संचापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचणार आहे, या दोन गोष्टींवर ते ठरते. खरेदीपूर्वी घरी निवांत वाचता यावे म्हणून हे माहितीपत्रक तयार केले आहे. ते वाचून हातातला जुना रेडिओच पुरेसा आहे असे आपले मत झाले, तरी आमची हरकत नाही.

आवाज संचापर्यंत कसा येतो

ब्ल्यूटूथ स्पीकरला स्वतःचे असे काही ऐकवता येत नाही. गाणे किंवा कार्यक्रम मोबाइलवर चालू असतो आणि स्पीकर फक्त तो मोठ्याने वाजवतो. त्यामुळे फोन आला की गाणे थांबते, मोबाइल घेऊन माणूस बाजारात गेला की घरातला आवाज बंद होतो आणि मधे भिंती आल्या की दहा मीटरचा पल्लाही कमी होत जातो. एकट्या माणसाला, वसतिगृहातील विद्यार्थ्याला किंवा शेतावर नेण्यासाठी हा प्रकार उत्तम आहे व स्वस्तही आहे. मात्र घरातील चार माणसांनी मिळून वापरायची वस्तू म्हणून तो अपुरा पडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वायफाय स्पीकर आणि इंटरनेट रेडिओ हे दोन्ही राउटरकडून, म्हणजे घरात वायफाय पुरवणाऱ्या डबीकडून, थेट प्रक्षेपण घेतात. त्यांतही फरक असा की वायफाय स्पीकर चालवायला बहुधा मोबाइलमधील ॲप लागते, तर इंटरनेट रेडिओला स्वतःचा पडदा, फिरवायची कळ आणि आवडती केंद्रे साठवण्याची बटणे असतात. दुकानात एखादा संच नेमका कोणत्या प्रकारचा आहे याबद्दल शंका आली, तर एक सोपी परीक्षा करावी. त्यावर केंद्र लावावे आणि मग मोबाइल पूर्ण बंद करावा. आवाज चालू राहिला तर संच राउटरवरून ऐकवतो आहे आणि थांबला तर तो ब्ल्यूटूथवर आहे, मग खोक्यावर काहीही छापलेले असो.

घरात वायफाय नसेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही इंटरनेट रेडिओ चालतो, परंतु तेव्हा तो पुन्हा त्या मोबाइलच्या आधीन होतो. डेटाची भीती मात्र बाळगू नये. 128 केबीपीएस (सेकंदाला 128 किलोबिट) दराच्या प्रक्षेपणाला तासाला साधारण 58 एमबी लागतात, म्हणजे रोज चार तास ऐकले तरी महिन्याचा खर्च सात जीबीच्या आतच राहतो. घरातील एखादा मुलगा मोबाइलवर चित्रफिती पाहण्यात याहून कितीतरी अधिक डेटा खर्च करतो.

सोलापूरच्या घरांत इंटरनेट रेडिओ का उपयोगी पडतो

सोलापूर केंद्र किंवा शहरातील खासगी एफएम केंद्रे ऐकण्यासाठी इंटरनेटची मुळीच गरज नाही, ती साध्या रेडिओवर ऐकू येतात. पण आपल्या शहराची गोष्ट वेगळी आहे. साखर पेठ, अशोक चौक परिसरातील कितीतरी घरांत आजी तेलुगू बोलते, शेजारी कन्नड बोलतात, मुले मराठी शाळेत जातात आणि दुकानात हिंदी चालते. अशा घरातील वडीलधाऱ्यांना आकाशवाणीचे हैदराबाद, धारवाड किंवा कलबुर्गी केंद्र ऐकायचे असते. मध्यम लहरींवर ते मिळाले तरी रात्री खरखरीसह मिळते आणि एफएमच्या लहरी तर इतक्या दूर पोहोचतच नाहीत. इंटरनेटवर मात्र अंतराचा प्रश्न उरत नाही. देशभरातील आकाशवाणी केंद्रांचे थेट प्रक्षेपण प्रसार भारती इंटरनेटवरून देते आणि 1957 साली सुरू झालेली विविध भारतीही त्यात आहे. परगावी शिकणाऱ्या मुलांना सोलापूरची आठवण येते, तेव्हा हाच मार्ग उलट दिशेने चालतो.

ज्येष्ठांसाठी संच घेताना आम्ही पडद्याच्या आकारापेक्षा बटणांकडे लक्ष द्यायला सांगतो. बऱ्याच इंटरनेट रेडिओंवर 1, 2, 3 असे आकडे असलेली बटणे असतात. हवे ते केंद्र लावून बटण काही सेकंद दाबून धरले की ते केंद्र त्या आकड्यावर साठवले जाते. घरच्यांनी एकदा तेवढे करून द्यावे आणि सकाळच्या भक्तिगीतांच्या बटणावर एक लाल टिकली चिकटवावी, म्हणजे चष्मा हाताशी नसला तरी बोटाला ते बटण सापडते. ज्या संचावर फक्त गुळगुळीत काच आहे आणि सगळे काही ॲपमधूनच करावे लागते, तो संच दिसायला कितीही सुबक असला तरी आजीसाठी घेऊ नये.

इंटरनेटवरील प्रक्षेपण हवेतील प्रक्षेपणापेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही मागे असते, कारण संच आधी थोडा आवाज साठवतो आणि मगच वाजवू लागतो. त्यामुळे निवेदकाने सांगितलेल्या वेळेवरून घड्याळ लावण्याची ज्यांची जुनी सवय आहे त्यांनी ती सोडावी. क्रिकेटचे धावते समालोचन ऐकताना शेजाऱ्यांचा जल्लोष आधी आणि चौकार मागाहून कानी आला, तर तो संचाचा दोष समजू नये.

परदेशातील नातेवाइकांनी पाठवलेल्या रेडिओंबद्दलही सांगावेसे वाटते. युरोपात विकल्या जाणाऱ्या अनेक संचांवर डीएबी प्लस असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, ही हवेतून डिजिटल रेडिओ प्रक्षेपणाची एक पद्धत आहे. भारतात त्या पद्धतीने नियमित प्रक्षेपण होत नाही. आकाशवाणीने डिजिटल प्रक्षेपणासाठी डीआरएम ही वेगळी पद्धत स्वीकारली आहे. म्हणून डीएबी प्लससाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही, तो संच त्याच्या इंटरनेट आणि एफएम सुविधेपुरताच उपयोगी आहे असे धरून चालावे. अमेरिकेतून आलेल्या संचाच्या ॲडॅप्टरवर 100–240 व्होल्ट असे छापलेले आहे का, हे तो भिंतीत खोचण्यापूर्वी वाचावे.

केंद्रांची यादी कोण पुरवतो

हा प्रश्न ग्राहक सहसा विचारत नाहीत, आणि आमच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. इंटरनेट रेडिओच्या पोटात केंद्रांची यादी नसते. संच सुरू झाला की तो एखाद्या सेवेच्या संगणकाकडे यादी मागतो आणि आपण निवडलेल्या केंद्राचा पत्ता तेथून घेतो. ती सेवा बंद पडली की उत्तम स्थितीतील संचही केंद्र लावू शकत नाही. 2021 साली रेसिवा नावाची अशी एक सेवा बंद झाली आणि जगभर निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी विकले गेलेले, तिच्यावर अवलंबून असलेले रेडिओ एकाच वेळी अडचणीत आले. त्या संचांत बिघाड झालेला नव्हता, त्यामुळे ते दुरुस्तीला आणूनही काही उपयोग नव्हता.

यावर पूर्ण खात्रीचा उपाय नाही, परंतु धोका कमी करता येतो. प्रक्षेपणाचा पत्ता हाताने भरण्याची सोय संचात असावी, त्यात ब्ल्यूटूथही असावे आणि साडेतीन मिलिमीटरच्या वायरीने आवाज आत घेण्याचे छिद्र असल्यास फारच चांगले. यादी बंद झाली तरी असा संच निदान स्पीकर म्हणून घरात राहतो. जुन्या नमुन्यांबाबत आणखी एक अडचण दिसते. आकाशवाणीच्या अनेक केंद्रांचे इंटरनेट प्रक्षेपण एचएलएस पद्धतीने, म्हणजे आवाजाचे छोटे तुकडे करून, होते आणि केवळ साधे एमपी3 प्रक्षेपण वाजवणाऱ्या संचावर त्या केंद्राचे नाव दिसते, पण आवाज येत नाही. म्हणूनच दुकानात विक्रेत्याने लावून दाखवलेले इंग्रजी गाणे ऐकून समाधान मानू नये. आपल्याला रोज ऐकायची असलेली दोन-तीन केंद्रे तेथेच लावून मागावीत आणि प्रत्येक केंद्र पाच मिनिटे वाजू द्यावे.

बोलून चालवायच्या स्पीकरांचीही आमच्याकडे विचारणा होते. अशा स्पीकरांतील ॲमेझॉनची ॲलेक्सा ही सेवा 2019 पासून हिंदी समजते, त्यामुळे हिंदी किंवा इंग्रजी बोलण्यास न संकोचणाऱ्यांना ते सोयीचे पडतात. असा स्पीकर घेतल्यास त्यावरील माइक बंद करण्याचे बटण कोठे आहे ते घरातील प्रत्येकाला दाखवून ठेवावे.

वॅट, आकार आणि आवाज

दहा वॅटऐवजी वीस वॅटचा स्पीकर घेतला म्हणजे आवाज दुप्पट होतो, हा समज खरा नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. तो कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहा डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराची कमाल शक्ती) म्हणून छापलेले शेकड्यांतील आकडे तर विचारातच घेऊ नयेत. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी शक्ती, हा आकडा पाहावा. बातम्या, कीर्तन आणि जुनी गाणी यांसाठी बारा बाय पंधरा फुटांच्या खोलीत पाच ते दहा वॅट आरएमएसचा चांगला स्पीकर पुरतो. तबल्याचा डग्गा किंवा पखवाज घुमायला हवा असेल, तर वॅटपेक्षा आवाज काढणाऱ्या आतील थरथरत्या पडद्याचा व्यास आणि पेटीचे आकारमान पाहावे, कारण मंद्र स्वरांसाठी अधिक हवा हलवावी लागते आणि मुठीएवढ्या डब्यात तेवढी जागाच नसते.

यंत्रमागाच्या खडखडाटावर ऐकू जाईल असा स्पीकर काही ग्राहक मागतात. असा स्पीकर आम्ही सुचवत नाही. आधीच मोठ्या असलेल्या आवाजावर आणखी मोठा आवाज चढवल्याने गाणे नीट ऐकू येत नाहीच, शिवाय कानांवरचा ताण वाढतो. तो संच जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या ओट्यावर ऐकावा.

ऊन, धूळ आणि जाणारी वीज

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत किंवा उन्हात लावलेल्या गाडीत तो त्याहून कितीतरी अधिक असतो. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सर्वांत जास्त बाधते. बॅटरीचा स्पीकर गच्चीवर, पश्चिमेच्या खिडकीत किंवा गाडीच्या काचेखाली ठेवू नये, आणि तापलेला असताना चार्जिंगला लावू नये. खोक्यावर बारा तास असे लिहिलेले असले, तर तो आकडा बहुधा मध्यम आवाजावर मोजलेला असतो. पूर्ण आवाजात त्याच्या निम्मे तासही मिळणार नाहीत. एकाच जागी ठेवायचा संच घेणार असाल, तर बॅटरीशिवायचा, थेट विजेवर चालणारा संच अधिक वर्षे टिकतो.

आयपी67 अशा खुणेतील पहिला आकडा धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी असतो. आयपीएक्स7 या खुणेचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी झाली आहे, पण धुळीची चाचणी सांगितलेली नाही, असा होतो. अक्कलकोट रस्त्यावरील कारखान्यांत किंवा घराला लागूनच माग असलेल्या ठिकाणी सुताचे बारीक तंतू जाळीत अडकून बसतात, तेव्हा तेथे पहिला आकडा 6 असलेला स्पीकर घ्यावा. जाळी कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. ओल्या फडक्याने तंतू आत ढकलले जातात.

वीज गेल्यावर बॅटरीचा स्पीकर चालू राहिला तरी राउटर बंद पडतो आणि रेडिओ मुका होतो. राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा किंवा त्याला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडावा. फायबरसाठी वेगळी डबी असेल तर तिलाही तीच जोडणी द्यावी, नाहीतर राउटरचे दिवे लागतात आणि इंटरनेट मात्र येत नाही.

राउटरची जागा हाही तक्रारींचा मोठा उगम आहे. जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती, स्लॅब आणि लोखंडी कपाटे वायफायच्या लहरी अडवतात. बरेच छोटे संच फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, आणि भिंती ओलांडण्यासाठी तीच पट्टी अधिक बरी आहे. जोडणी होत नसेल तर राउटरमध्ये 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत, आणि सुरक्षेची पद्धत केवळ डब्ल्यूपीए3 ठेवलेली असल्यास ती डब्ल्यूपीए2 व 3 अशी मिश्र करावी. संच घेण्यापूर्वी तो जेथे ठेवायचा आहे त्या जागी मोबाइल ठेवून, मोबाइलचा डेटा बंद करून, वायफायवर संध्याकाळच्या वेळी दहा मिनिटे एखादे केंद्र ऐकावे. ते मधेच तुटत असेल तर महागडा संच घेऊनही तुटणारच. आधी राउटर हलवावा.

खरेदीच्या वेळी

ब्ल्यूटूथ व स्मार्ट स्पीकरना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. तिची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक संचावर किंवा खोक्यावर पाहून घ्यावा. पक्के बिल घ्यावे व त्यावर संचाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, कारण वॉरंटीच्या वेळी नेमका तोच विचारला जातो. बॅटरी वॉरंटीत किती महिने आहे हे वेगळे विचारावे, अनेकदा ती मुदत संचापेक्षा कमी असते. कोणत्याही विक्रेत्याबद्दल, आमच्याबद्दलसुद्धा, तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक उपलब्ध आहे.

फुगलेली बॅटरी असलेला जुना स्पीकर चार्जिंगला लावू नये, टोचू नये आणि घंटागाडीतही टाकू नये. तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावा. दुकानात येताना आपल्याला ऐकायच्या केंद्रांची नावे एका कागदावर लिहून आणावीत आणि शक्य असल्यास ज्यांच्यासाठी संच घ्यायचा आहे त्यांनाही सोबत आणावे. बटणे त्यांनी स्वतः दाबून पाहिल्याशिवाय आम्ही बिल करत नाही.