क्रूझ की बॅलिस्टिक? आधी ते विचारा, रेंजचं नंतर बघू

ऑपरेशन सिंदूर झाल्यापासून एस-४०० या रशियन एअर डिफेन्स यंत्रणेवर सगळेच तज्ज्ञ झालेत, आणि ४०० किमी रेंज म्हणजे ४०० किमीवर येईल ते पडणारच असं बिनधास्त ठोकून देतात. अहो, तो आकडा उंचावरून उडणाऱ्या मोठ्या विमानांसाठीचा आहे, हवेत इंधन भरणारे टँकर, मोठं रडार घेऊन उडणारं अवॅक्स वगैरे. बॅलिस्टिक मिसाईलसाठी खुद्द रशियावालेच ६० किमी सांगतात.

आणि जमिनीलगत येणारं क्रूझ असेल तर रेंज राहते बाजूला, आडवी येते ती पृथ्वीची गोलाई. क्रूझ म्हणजे बिनपायलटचं छोटं जेट विमानच, पंख आहेत, शेवटपर्यंत चालणारं इंजिन आहे. समजा ते ५० मीटर उंचीवरून येतंय आणि रडारचा अँटेना २० मीटरच्या खांबावर आहे, तर दिसणार ४५-४७ किमीवर, तेही मध्ये डोंगर-टेकडी नसेल तर. ताशी ८०० किमीच्या स्पीडने येत असेल तर हातात उरतात जेमतेम साडेतीन मिनिटं. पण एकदा दिसलं की मारणं तसं सोपं, फायटर विमान मारतं, युक्रेनमध्ये तर गेपार्डसारख्या तोफांनी आणि खांद्यावरच्या मिसाईलनीही पाडलीत. म्हणून इथे महागड्या मिसाईलपेक्षा जास्त डोळे लागतात, म्हणजे वरून खाली बघणारं अवॅक्स, भरपूर छोटी रडार आणि ती सगळी एकमेकांना जोडलेली.

बॅलिस्टिकचं बरोब्बर उलटं. भिरकावलेल्या दगडासारखं, इंजिन सुरुवातीला थोडा वेळ जळतं, पुढे नुसतं वर जाऊन खाली येणं. लपायचा प्रश्नच नाही, सुटतानाची आग सॅटेलाईटला दिसते, इराणहून इस्रायलला यायला १२ मिनिटं लागतात. घोळ होतो तो शेवटी, कारण ते आवाजाच्या कितीतरी पट वेगाने डोक्यावर कोसळतं आणि पाडणाऱ्या मिसाईलने जवळ स्फोट करून त्याची नुसती बॉडी फाटली तर वॉरहेड, म्हणजे स्फोटकांचा भाग, तसंच खाली पडू शकतं. म्हणून अमेरिकन पॅट्रियट यंत्रणेचं पॅक-३ मिसाईल थेट जाऊन धडकतं. ते पण किती एरिया सांभाळणार, एखादं शहर किंवा एअरबेस, अख्खा देश नाही.

एप्रिल २०२४ मध्ये इराणने इस्रायलवर ३० च्या वर क्रूझ आणि १०० च्या वर बॅलिस्टिक सोडली तेव्हा हा फरक उघड दिसला. इस्रायलच्या म्हणण्यानुसार क्रूझ एकही हद्दीत शिरलं नाही, वाटेतच फायटर विमानांनी गाठली. निसटली ती थोडी बॅलिस्टिक, नेवातिम एअरबेसवर पडली. अर्थात क्रूझ म्हणजे सोपंच असंही नाही, कीवच्या ओखमातदित मुलांच्या हॉस्पिटलवर ८ जुलै २०२४ ला पडलं ते रशियाचं केएच-१०१, म्हणजे क्रूझच.

स्पीडवरून ओळखायला जाऊ नका. आपलं ब्रह्मोस आवाजाच्या जवळपास तिप्पट वेगाने जातं, तरी ते क्रूझच. मार्च २०२२ मध्ये एक चुकून सुटलं आणि पाकिस्तानात १२४ किमी आत मियाँ चन्नूला जाऊन पडलं, त्यांना रडारवर दिसलं होतं म्हणतात, पाडलं मात्र नाही.

आणि रशियाच्या इस्कंदरची तर वेगळीच गंमत. इस्कंदर-एम बॅलिस्टिक, इस्कंदर-के क्रूझ, दोन्ही सारख्याच दिसणाऱ्या ट्रकवरून सुटतात. त्यात एम वाटेत वळतं, रडारला चकवणारे डिकॉय सोडतं, त्यामुळे दगड कुठे पडणार हे आधीच कळण्याचा फायदाही निम्मा जातो. तेव्हा 'इस्कंदर डागलं' एवढ्या बातमीवरून पॅट्रियट फेल गेलं का, यावर भांडत बसू नका, आधी पुढचं अक्षर बघा.