मटण गळतं, बटाटा टिकतो : तुर्की गुवेचमागचं रसायन

गुवेच हा तुर्कस्तानातला घरगुती पदार्थ. मटण, वांगी, बटाटे, लांब हिरव्या मिरच्या आणि टोमॅटो मातीच्या भांड्यात घालून तो भट्टीत किंवा ओव्हनमध्ये मंद आचेवर शिजवतात. मसाला अगदी बेताचा असतो, त्यामुळे शिजवण्यातली चूक लपवायला जागा नसते. सगळ्यात मोठी अडचण वेळेची. मटणाला दोन तास लागतात, वांग्याला अर्धा तासही पुष्कळ होतो.

मटण चिवट असतं ते स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनामुळे. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला कोलॅजेन आकसतं आणि तुकडा पिळल्यासारखा पाणी सोडतो. म्हणूनच अर्धवट शिजलेलं मटण कच्च्याहून जास्त वातड लागतं. याच टप्प्यावर घाबरून आच वाढवली तर तंतू आणखी कोरडे होतात. ८५ ते ९५ अंशांवर दीड-दोन तास धीर धरला की कोलॅजेन विरघळून त्याचं जिलेटिन होतं. तेच तंतूंच्या मधे राहून घास रसाळ करतं आणि रश्श्याला दाटपणा देतं. त्यामुळे इथे खांद्याचा किंवा नळीजवळचा भाग हवा. चाप किंवा निव्वळ लुसलुशीत मांस घेतलंत तर जिलेटिन होईल कशाचं?

भाज्यांचा हिशेब वेगळा. त्यांच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि ८० अंशांच्या पुढे ते सुटू लागतं. मात्र आंबट द्रवात, साधारण ४ ते ४.५ पीएचला, पेक्टिन फार सावकाश सुटतं आणि टोमॅटोचा रस नेमका याच टप्प्यात येतो. टोमॅटोत सुरुवातीपासून बुडवलेला बटाटा तासाभरानेही टणक लागतो तो यामुळे. हाच गुण वांग्याच्या बाबतीत कामी येतो, कारण आंबट रसात त्याच्या फोडी आकार धरून राहतात. आंबट पदार्थ कधी घालायचा, हे ठरवणं म्हणजे गुवेचची निम्मी पाककृती.

चार जणांसाठी ६०० ग्रॅम मटण (३ सेंटीमीटरचे तुकडे), २ कांदे, लसणाच्या ८ अख्ख्या पाकळ्या, २५० ग्रॅम बटाटे, ३०० ग्रॅम वांगी, १५० ग्रॅम कमी तिखट लांब मिरच्या, ४०० ग्रॅम पिकलेले टोमॅटो, दीड टेबलस्पून सालचा, ३० ग्रॅम लोणी, २ टेबलस्पून तेल. सालचा म्हणजे टोमॅटोचा किंवा लाल मिरचीचा घट्ट, खारट गोळा. तुर्कस्तानात उन्हाळ्यात तो उन्हात आटवून वर्षभरासाठी करतात. तो नसेल तर साधी टोमॅटो पेस्ट चालेल, टोमॅटो केचप मात्र नको. त्यातली साखर आणि व्हिनेगर चव बिघडवतात.

मटणाला ६ ग्रॅम मीठ तासभर आधी लावा आणि परतण्यापूर्वी तुकडे कोरडे पुसा. ओला पृष्ठभाग पाणी उडून जाईपर्यंत १०० अंशांच्या वर जात नाही आणि खमंग तपकिरी रंग येतो तो १४० अंशांच्या आसपास. एका वेळी पातेल्यात मावतील तितके तुकडे टाकले तर मटण स्वतःच्या पाण्यात उकडतं, म्हणून दोन-तीन घाण्यांत परता. मग त्याच तेलात लोणी, कांदा आणि सालचा घालून दोन मिनिटं हलवा. चरबी केशरी होते ती टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य स्निग्धात विरघळल्यामुळे. तो रंग दिसेपर्यंत थांबा, कच्चट वासही तेव्हाच जातो. लसूण ठेचू नका. ठेचल्यावरच त्यातला उग्र घटक तयार होतो. अख्खी पाकळी शिजून गोडसर, लोण्यासारखी होते.

आता मटण, कांदा, लसूण आणि २०० मिलिलिटर गरम पाणी भांड्यात घाला. एवढं पाणी कमी वाटेल, पण मटण शिजताना वजनाच्या जवळपास एक तृतीयांश रस सोडतं आणि भाज्यांचं पाणी वेगळंच. पाणचट गुवेचचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. झाकण लावून थंड ओव्हनमध्ये ठेवा आणि मग १७० अंश करा. तापलेल्या ओव्हनमध्ये थंड भांडं सारलं तर माती एका बाजूने फुगते आणि तडकते. झिलई नसलेलं भांडं अर्धा तास पाण्यात भिजवून घ्यावं. झिलईचं असेल तर ते स्वयंपाकासाठीच बनवलेलं असल्याची खात्री करा. शोभेच्या भांड्यांच्या झिलईत शिसं असू शकतं आणि टोमॅटोचं आम्ल ते अन्नात ओढतं.

तेवढ्यात वांग्यांची साल पट्ट्यापट्ट्यांनी काढा. राहिलेल्या पट्ट्या फोड धरून ठेवतात. फोडी खारट पाण्यात अर्धा तास ठेवून पिळा. वांग्याचा गर हवेने भरलेल्या स्पंजसारखा असतो. मिठाने पेशी खचल्या की तो रश्श्यावरची चरबी अधाशासारखी शोषत नाही.

बोकडाच्या मटणाला सव्वा ते दीड तास झाला की बटाटे रसात दाबून २० मिनिटं द्या. सालच्याचा आंबटपणा पातळ झालेला असल्याने ते इथे मऊ होतात. त्यावर वांगी, मिरच्या, थोडं मीठ आणि सगळ्यात वर टोमॅटोच्या जाड चकत्या. भाज्या फ्रिजमधून थेट घालू नका, भांडं तापलेलं आहे. ३० मिनिटं झाकून, १५ मिनिटं उघडं. वरचे टोमॅटो करपायला लागले की झालं. अनेक तुर्की घरांत सगळं कच्चंच थरावर थर लावून ठेवतात. कोवळ्या कोकराच्या मांसाला ते जमतं, आपल्याकडच्या जून बोकडाला नाही.

प्रेशर कुकर वापरायचा असेल तर फक्त मटणासाठी वापरा. आतलं १२० अंशांच्या आसपासचं तापमान कोलॅजेन झपाट्याने फोडतं, पण भाज्यांचा लगदा करतं. मध्य अनातोलियातल्या आवानोसमध्ये सुरईसारख्या भांड्याचं तोंड बंद करून ‘तेस्ती केबाब’ (तेस्ती म्हणजे सुरई) शिजवतात आणि वाढताना सुरई फोडतात. घरी वाफ अडवायला झाकणाच्या कडेला कणकेची वळी लावली तरी पुरे.

भांडं बाहेर काढल्यावर लाकडी पाटावर ठेवा, ओल्या ग्रॅनाइटवर नको. मातीत साठलेल्या उष्णतेने रस्सा काही मिनिटं खदखदत राहतो, म्हणून २० मिनिटं थांबूनच पिलाव किंवा पावाबरोबर वाढा. उरलेला दोन तासांच्या आत दुसऱ्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी तो जेलीसारखा गोठलेला दिसला तर जिलेटिन नीट उतरलं आहे. गरम करताना पातेल्यात, दोन चमचे पाणी घालून, मंद आचेवर उकळी आणा.