लोकप्रतिनिधींच्या भत्त्यांचा हिशेब (कोकण)

सरपंचापासून खासदारापर्यंत निवडून आलेल्या माणसाला सार्वजनिक तिजोरीतून मानधन, बैठक भत्ता, प्रवास भत्ता, दैनिक भत्ता मिळतो. तो ज्या कामासाठी दिला त्यालाच लागला का हे तपासणे, आणि लागला नसेल तर वसुली, पदावरून काढणे किंवा खटला इथपर्यंत जाणे, असा या विषयाचा पसारा आहे. कायदे राज्याचे आणि देशाचेच; पण पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीत ते गावपातळीवर जितके चावतात तितके वर चावत नाहीत. आमदार-खासदार निधी ही वेगळी बाब आहे. चर्चेत दोन्हींची हमखास सरमिसळ होते. निधीचा पैसा लोकप्रतिनिधीच्या हाती येत नाही, लोकप्रतिनिधी काम सुचवतो आणि मंजुरी व खर्च जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत होतो.

सगळी मेख भत्ता कसा दिला जातो यात आहे. दरमहा ठरलेली ठोक रक्कम मिळत असेल तर तिचा गैरवापर सिद्ध करणे जवळजवळ अशक्य, कारण पावतीच मागितलेली नसते. टेलिफोन भत्ता घेऊन फोन केलाच नाही, तरी नियम मोडत नाही. प्रवास भत्त्याच्या देयकात मात्र निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, वाहन, अंतर आणि प्रयोजन लिहून सही करावी लागते. न केलेला प्रवास दाखवणे, एकाच गाडीतून जाऊन दोघांनी वेगवेगळे भाडे लावणे, हजेरीपटावर सही ठोकून चहा संपायच्या आत सभागृह सोडणे, हे प्रकार म्हणूनच पकडता येतात. पहिल्या दोन बाबतींत तर देयकच पुरावा होते.

ग्रामपंचायतीत हा कागद सर्वांत हाताशी असतो. 2011 च्या लेखासंहितेनुसार ग्रामपंचायतीचे दप्तर नमुना 1 ते 33 मध्ये ठेवले जाते. रोकड वही नमुना 5, प्रवास भत्ता देयक नमुना 31. वार्षिक जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवणे बंधनकारक आहे. ‘पंचायत समितीत बैठकीसाठी’ असा शेरा असलेले देयक वाचले गेले की त्या दिवशी सरपंच कुठे होते हे सांगणारा कोणी ना कोणी सभेत निघतोच. कोकणात याला आणखी एक धार आहे ती चाकरमान्यांची. देवस्थानचा आणि गावकीचा हिशेब शिमग्याला किंवा गणपतीत सगळ्यांसमोर मांडण्याची रीत कित्येक गावांत आहे. मुंबईत कारकुनी केलेली माणसे पै-पैची विचारणा करतात आणि तीच सवय ग्रामपंचायतीच्या दारात घेऊन येतात. अडचण एवढीच की ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखांच्या आसपास होतात, तेव्हा यांतले बरेच जण गावात नसतात. शिवाय हिशेब मागण्यामागे कधी कधी भावकीचे जुने वैर असते. म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही, पण चौकशी अधिकारी तेवढ्यावरून तो बाजूला सारतात.

गैरवर्तणूक ठरल्यास महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 खाली विभागीय आयुक्त सरपंचाला किंवा सदस्याला पदावरून दूर करू शकतात. चौकशी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडून होते आणि अपील शासनाकडे जाते. निधीचे नुकसान किंवा अपव्यय झाल्यास कलम 178 खाली वसुली लागते. सप्टेंबर 2024 मध्ये राज्याने सरपंचांचे मानधन दुप्पट केले. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात ते 3,000 वरून 6,000 रुपये झाले. म्हणजे ज्याच्यावर सर्वाधिक डोळे रोखलेले, त्याची रक्कम सर्वांत लहान.

जिल्हा परिषदेत अध्यक्ष आणि सभापतींच्या सरकारी गाड्यांची लॉगबुके, स्थानिक निधी लेखापरीक्षा आणि विधिमंडळाची पंचायती राज समिती ही साधने आहेत. लेखापरीक्षक आक्षेप काढतात, कार्यालय अनुपालन, म्हणजे आक्षेपांवरचे लेखी उत्तर, पाठवते, आणि आक्षेप वर्षानुवर्षे ‘प्रलंबित’ राहतात. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे होता. उधळपट्टी करायला सदस्य नव्हते, तसे सर्वसाधारण सभेत उठून जाब विचारायलाही नव्हते.

आमदारांच्या बाबतीत या भागाने देशाच्या कायद्यात एका मोठ्या खटल्याची भर घातली. मुख्यमंत्रिपदावरून जानेवारी 1982 मध्ये पायउतार झालेले बॅ. अ. र. अंतुले हे रायगडचे, श्रीवर्धनचे आमदार. त्यांच्यावरचे आरोप भत्त्यांचे नव्हते, न्यासांसाठी घेतलेल्या देणग्यांचे होते. पण मुद्दा आमदाराच्या पगारापाशीच येऊन थांबला: विधिमंडळाने मंजूर केलेले वेतन व भत्ते घेणारा आमदार हा सरकारचा पगारी लोकसेवक ठरतो का? 16 फेब्रुवारी 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेपुरते ‘नाही’ असे उत्तर दिले. लोकसेवकावर खटला भरायचा तर आधी मंजुरी लागते; गंमत म्हणजे या ‘नाही’मुळे आमदार म्हणून ती घेण्याची गरज उरली नाही. पुढे 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने लोकसेवकाची व्याख्या रुंदावली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 1998 च्या नरसिंह राव निकालात खासदार-आमदार त्या कायद्याखाली लोकसेवक ठरले.

प्रत्यक्ष भत्त्यावरून शिक्षेपर्यंत गेलेले प्रकरण मात्र कोकणातले नाही. राज्यसभेचे माजी सदस्य अनिल साहनी यांना बनावट विमान तिकिटे आणि बोर्डिंग पास जोडून प्रवासखर्च उचलल्याबद्दल 2022 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने दोषी ठरवले. त्यांची बिहारमधील आमदारकीही गेली. ब्रिटनमध्ये 2009 साली खासदारांची खर्चाची देयके वृत्तपत्रात छापून आली, तेव्हा सभापती मायकेल मार्टिन यांना पद सोडावे लागले, काही सदस्य तुरुंगात गेले आणि भत्ते ठरवण्याचे काम संसदेकडून काढून स्वतंत्र प्राधिकरणाला दिले गेले. महाराष्ट्रात आमदारांचे वेतन-भत्ते आजही विधिमंडळच ठरवते, आणि अशी विधेयके अडल्याचे फारसे ऐकिवात नाही.

नागरिकाच्या हाती उरतो तो मुख्यतः 2005 चा माहिती अधिकार कायदा: दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत, मग प्रथम अपील आणि त्यापुढे राज्य माहिती आयोगाचे कोकण खंडपीठ. खेड्यातून आलेल्या माणसाला त्याहून सोपा मार्ग नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाने दिला. जिल्हा पातळीवरील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत अभिलेख पाहता येतात. लॉगबुक आणि देयक शेजारी शेजारी ठेवून ताडता येतात. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, ही त्या कायद्याच्या कलम 8 मधील तरतूद भत्त्यांच्या अर्जांत फार कामी येई. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने ती वगळली. आता ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अर्ज फेटाळला गेला, तर व्यापक लोकहिताचे कलम 8(2) पुढे करून अपिलात भांडावे लागते.