अंतराळात स्पेससूट नसेल, तर माणूस फुग्यासारखा फुटतो?

विज्ञानकथांवरच्या विनोदी कार्टून मालिकांमध्ये हा प्रसंग ठरलेला: कुणीतरी यानाबाहेर फेकला जातो, फुगतो आणि फट्कन फुटतो. नाहीतर क्षणात गोठून बर्फ होतो. व्हॉट्सअॅपवरही हेच फिरतं.

माणूस फुटत नाही. आपली त्वचा चिवट आणि ताणली जाणारी असते. हवेचा दाब गेला की शरीर सुजतं, पण फाटत नाही. रक्तही लगेच उकळत नाही, कारण ते रक्तवाहिन्यांत बंद असतं आणि तिथे त्याला दाब मिळतो. उघड्यावरचा ओलावा मात्र उकळतो, कारण दाब नसला की पाणी शरीराच्या उष्णतेवरही उकळतं. 1966 मध्ये अमेरिकेत निर्वात (हवा काढून टाकलेल्या) कक्षातल्या चाचणीत एका तंत्रज्ञाच्या सूटची नळी निसटली. सुमारे 14 सेकंदांत तो बेशुद्ध पडला. त्याआधी जिभेवरची लाळ बुडबुडताना त्याला जाणवली होती. कक्षात लगेच हवा सोडली आणि तो वाचला. खरा घात करतो तो प्राणवायूचा अभाव. श्वास रोखून धरला, तर फुप्फुसं फाटू शकतात, हेही खरं.

उकळण्याचा भाग घरी पाहता येतो. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये थोडं गरम पाणी घ्या, अगदी उकळतं नको. हवा काढून टाका, टोक बोटाने घट्ट दाबा आणि दट्ट्या जोरात ओढा. पाण्यात भराभर बुडबुडे उठतात.

आणि गोठण्याचं काय? थर्मासमधला चहा आठवा. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते, म्हणूनच चहा तासन्‌तास गरम राहतो. अंतराळही तसंच निर्वात, म्हणून माणूस क्षणात गोठत नाही.